अर्ध्या वितीवरून

भिवाजी बडेकराचं घड्याळदुरुस्तीचं दुकान कर्जतच्या बाजारपेठेत होतं. दुकान कसलं, एका कापडवाल्याच्या ओट्याचा कोपरा. समोर काचेची पेटी, मागे स्टूल, आणि दिवसभर उजव्या डोळ्याला चिकटलेलं भिंग. एका गिऱ्हाइकानं दुरुस्तीच्या बदल्यात त्याला आपला जुना क्लिक-थ्री कॅमेरा दिला होता. त्याच्यावर तो बारशाचे, पूजेचे, नव्या बैलजोडीचे फोटो काढायचा. माणसं ओळीनं उभी करायची, आठ-दहा पावलं मागे जायचं आणि खटका दाबायचा. त्या कॅमेऱ्यात त्याहून जास्त काही करायची सोयच नव्हती.

त्या वर्षी भाऊबीजेला तो बहिणीकडे कुंभिवलीला गेला. आनंदीचा नवरा दोन वर्षांपूर्वी हायवेवर ट्रकखाली गेला होता. पदरात दोन पोरं. गावालगतच रंगाचा कारखाना निघाला होता, तिथं पिवळी भुकटी पोत्यांत भरायच्या कामाला ती लागली होती. रोजावर, कंत्राटदाराच्या हाताखाली.

तिनं त्याला पाटावर बसवलं, टिळा लावला आणि ताम्हण ओवाळायला घेतलं. हात चेहऱ्याजवळून फिरला तसा भिवाजीचा डोळा त्यावर गेला. बोटांच्या पेरांवर आणि मनगटापाशी बारीक गोल भोकं होती. भुंग्यानं वाशाला पाडावीत तशी, कडा उचललेली आणि आत काळसर.

"हे काय झालंय गं?"

"काय नाय रं. हलू नको, तांदूळ पडतील."

"आनंदे, हात दाव."

तिनं ताम्हण खाली ठेवलं आणि हात पदराखाली घेतला. "समद्यांनाच हाय तिथं. भुकटी बसती कातडीवर. पण दुखत नाय, दादा. दुखलं असतं तर घरी बसले असते."

संध्याकाळी नागू आला. तो त्याच कारखान्यात भट्टीवर होता आणि चार शब्द वाचू शकत असल्यानं बाकीचे त्याला पुढं करायचे. त्याच्या हातांना तर आनंदीपेक्षा जास्त भोकं होती. कंपनीचा डॉक्टर याला खरूज म्हणतो आणि गंधकाचं मलम देतो, असं त्यानं सांगितलं. सरकारी तपासनीस एकदा येऊन गेला होता.

"नाकाला रुमाल लावून चार हात लांब उभा ऱ्हायला," नागू म्हणाला. "तितनं काय दिसनार त्याला? बारकी बारकी भोकं. हापिसात च्या पिऊन गेला. भिवाजी, तुज्याकडं कॅमेरा हाय. आमच्या हातांचे फोटो काढून दे. मी सोता त्याच्या हापिसात नेऊन टाकतो."

भिवाजीनं दुसऱ्याच दिवशी अंगणात फोटो काढले. जवळून काढायचे म्हणून पुढं सरकला, आणखी सरकला, आणि प्रत्येक फोटो पाण्यात पडल्यासारखा आला. नागू तरीही ते घेऊन तपासनिसाकडे गेला. परत जाताना कर्जतला उतरून त्यानं भिवाजीला साहेबाचं बोलणं जसंच्या तसं ऐकवलं. साहेबानं फोटो उलटा धरला होता आणि विचारलं होतं, "ही काय भाकरी आहे का?"

भिवाजीला ते लागलं. बहिणीच्या हाताचं तर लागलंच होतं, पण हे वेगळं होतं. केसाएवढी स्प्रिंग बसवणारा माणूस तो. त्याच्या हातून भाकरी निघाली होती.

मग तो कॅमेऱ्यामागेच लागला. गिऱ्हाईक नसलं की मागचं झाकण उघडायचा, फिल्म बसते तिथं बटर पेपर ताणून चिकटवायचा आणि शटर उघडं ठेवून डोक्यावरून काळं फडकं घ्यायचा. कागदावर समोरचं चित्र उलटं पडायचं. लांबचं झाड नीट दिसे, जवळची किल्ली नुसता धब्बा. घड्याळाचं भिंग लावून पाहिलं, पण त्यातून मधलं तेवढं दिसे आणि कडा वाहून जात. मग त्याला वडिलांचा चष्मा आठवला. मोतीबिंदू काढल्यावर मिळालेला, बाटलीच्या बुडासारख्या जाड काचांचा. वडील गेल्यापासून तो देवळीत पडून होता. त्याची एक काच काढून त्यानं सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यानं कॅमेऱ्याच्या तोंडावर बसवली. कागदावर काहीच दिसेना. किल्ली जवळ आणली, अजून जवळ आणली, आणि अर्ध्या वितीवर आल्यावर ती एकदम कागदावर उभी राहिली. तिच्यावरचा गंजसुद्धा दिसत होता.

बोटभर मागेपुढे झालं की पुन्हा धब्बा. म्हणून त्यानं छत्रीच्या काडीची दोन टोकांची चिमटी केली आणि कॅमेऱ्याला बांधली. टोकं जिथं टेकतील तिथंच हात असायला हवा. काचेपुढं काळा कागद लावून त्याला बारीक भोक पाडलं. त्यानं चित्र आणखी तासल्यासारखं झालं. मात्र आता डोक्यावरचं ऊन लागणार होतं आणि माणसानं श्वास धरून बसायला हवं होतं.

गावात फोटो काढले तर बातमी फुटली असती. म्हणून सुट्टीच्या दिवशी कारखान्यातली काही माणसं खोपोलीहून गाडीनं पळसदरीला आली, धरणाखाली धुणं धुवायला आल्यासारखी बोचकी घेऊन. नागू होता, आनंदी होती, चिंधी नावाची तिच्याच वयाची एक बाई होती, भट्टीवरचे दोघेतिघे होते. आणि येसूबाई होती, सगळ्यांत वयस्कर. कारखाना उघडला त्या दिवसापासून ती तिथं झाडलोट करत होती. घरी अंथरुणाला खिळलेला नवरा होता.

"तोंड नको हां, बाबा," येसूबाई म्हणाली. "कोन हाय ते कळलं तर काढून टाकतील."

"तोंड काय, कोपरसुद्धा येनार नाय. नुसता हात."

खडकावर काळं घोंगडं पसरलं होतं. एकेक जण येऊन हात ठेवायचा, भिवाजी चिमटीची टोकं टेकवायचा, "श्वास धरा" म्हणायचा आणि खटका दाबायचा. सुरुवात येसूबाईपासून झाली. फिल्म भरायच्या आधी त्याला एकदा कागदावर सगळं तपासून घ्यायचं होतं. तिच्या मनगटावर गोंदण होतं. तुळशीचं रोप, खाली तीन ठिपके आणि बाजूला एक विंचू, ज्याची नांगी गोंदणारणीच्या हातून वाकडी झाली होती. दोन भोकं त्या ठिपक्यांच्या मधेच होती. काळ्या फडक्याखाली भिवाजीला ते ठिपके दिसले आणि त्याला बरं वाटलं. काळा ठिपका नजरेला पकडायला सोपा. ठिपके टोकदार दिसेपर्यंत त्यानं काच हलवली.

"गोंदण दिसंल का रं?" तिनं विचारलं.

"दिसंना का. गोंदण काय तुज्या एकटीचं हाय? समद्या बायांना असतं."

"त्यावं माती लावू का?"

"नको नको. भोकं झाकतील."

तो सांगेल तसा तिनं हात फिरवला.

शेवटी आनंदी आली. रोलमध्ये एकच फोटो उरला होता. तोवर भिवाजी घामानं निथळत होता आणि सगळ्यांवर मास्तरासारखा ओरडत होता. "श्वास धर! धर म्हनतो ना!" तो तिच्यावरही ओरडला. नवरा गेल्यापासून कधी न हसलेली आनंदी नेमकी तेव्हा फिसकन हसली. हात हलला आणि खटकाही तेव्हाच पडला.

फोटो मोठे करून हातात आले तेव्हा भिवाजी स्टुडिओच्या दारातच उभा राहून ते बघत राहिला. त्यानं असं काही कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक भोक विहिरीसारखं खोल दिसत होतं, कडेला कातडीचा बांध, तळाशी खपली. केस मोजता येत होते. नागूच्या अंगठ्याचं अर्धं नख, चिंधीच्या तर्जनीवर तव्याचा जुना डाग, येसूबाईच्या विंचवाची वाकडी नांगी, सगळं जिथल्या तिथं. आनंदीचा तेवढा बिघडला होता. पुसट पांढरं काहीतरी. तरी त्यानं तो गठ्ठ्यात राहू दिला. त्या दिवशी त्यानं कापडवाल्याला फोटो दाखवले, शेजारच्या न्हाव्याला दाखवले. कुणाचे हात ते सांगितलं नाही. पण कसे काढले ते मात्र पुन्हा पुन्हा सांगितलं.

नागू गठ्ठा घेऊन तपासनिसाकडे गेला. या वेळी साहेबानं फोटो सरळ धरले. खिडकीपाशी नेऊन एकेक पाहिला. "आता दिसतंय," तो म्हणाला. "कुणी काढले हे?" आणि स्वतः कारखान्यात जाईन, असा शब्द दिला. हे ऐकून भिवाजीनं नागूला हॉटेलात नेऊन भजी खाऊ घातली.

साहेब शब्दाला जागला. तो कारखान्यात गेला, मॅनेजरच्या खोलीत बसला आणि याचा खुलासा द्या म्हणून ते सगळे फोटो त्याच्या टेबलावर मांडले. निघताना ते तिथंच राहिले. विसरला, की पाहून घ्या म्हणून ठेवले, की आणखी काही, हे कुणालाच कधी कळलं नाही.

दोन दिवसांनी सकाळच्या पाळीला फाटकाशी टेबल टाकलं होतं. मागे सुपरवायझर सबनीस बसले होते, समोर फोटो पसरलेले.

"एकेकानं यायचं. हात टेबलावर ठेवायचे. पालथे."

रांगेत कुजबुज झाली. आनंदी रांगेत शेवटी उभी होती, येसूबाई पुढं. येसूबाईनं पदर मनगटापर्यंत ओढून घेतला होता.

"पदर वर घ्या, बाई."

तिनं घेतला. सबनिसांनी एक फोटो उचलून तिच्या हाताशेजारी ठेवला. त्यांना दोनदा पाहावंही लागलं नाही.

"विंचू छान आहे तुमचा," ते म्हणाले. "त्या बाजूला उभ्या राहा."

मग नागूचं नख निघालं. चिंधीचा डाग निघाला. भट्टीवरच्यांची भोकं तर नुसत्या रचनेवरूनच ताडली, आकाशातली नक्षत्रं ताडावीत तशी. आनंदीनं हात ठेवला तेव्हा टेबलावर एकच फोटो उरला होता. सबनिसांनी तो उचलला, तिच्या हाताशी लावला, फिरवून लावला आणि टाकून दिला.

"जा आत."

बाजूला काढलेल्यांना त्यांनी सांगितलं की उद्यापासून येऊ नका. कंत्राटदाराची माणसं, कारण लिहून द्यायचीसुद्धा गरज नव्हती. आत गेलेल्यांना त्याच दिवशी रबरी हातमोजे मिळाले. ते घातले की हातांना काय झालंय ते दिसेनासं झालं. भुकटी मात्र मोज्यांच्या तोंडातून आत जायची आणि घामात भिजून तिथंच बसायची.

भिवाजीला हे आनंदीकडून कळलं. तो तसाच एसटीनं कुंभिवलीला आला आणि आधी येसूबाईच्या घरी गेला. ती ओसरीवर नवऱ्याला पेज भरवत होती.

"मावशी, मला वाटलं नव्हतं..."

"बस," ती म्हणाली. पेजेची वाटी तिनं शेवटपर्यंत भरवली. मग तोंड पुसायला नवऱ्याच्या हनुवटीखाली फडकं धरून म्हणाली, "लय चांगला काढलास रं फोटो. यांना डोळ्यांनी दिसत नाय, पन यांनी बी वळखला असता."

भिवाजी उठला. ती त्याला थांब म्हणाली नाही.

पुढच्या आठवड्यात सबनीस स्वतः कर्जतला त्याच्या दुकानात आले. मनगटावरचं घड्याळ काढून त्यांनी काचेवर ठेवलं, मागे पडतंय म्हणाले. घड्याळ अगदी बरोबर चालत होतं.

"फोटो तुम्हीच काढलेत ना? गावात सगळ्यांना माहीत आहे." त्यांचा आवाज शांत होता. "हात आहे तुमच्याकडे. आमचं एक काम करा. नवीन माणूस भरती करताना त्याच्या हातांचा असाच जवळून फोटो ठेवायचा आहे आम्हाला. आधीचे डाग, आधीच्या जखमा. म्हणजे पुढे कुणी उठून कंपनीवर खापर फोडायला नको."

"काच फुटली माजी," भिवाजी म्हणाला.

"नवी घेऊन देतो."

"तशी मिळत नाय."

सबनिसांनी घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. "राहू दे. आम्ही दुसरा कुणी बघू. आता हे करता येतं एवढं तर कळलंय."

आणि त्यांनी पाहिलाही. खोपोलीचा एक स्टुडिओवाला चांगल्या कॅमेऱ्यानं, चांगल्या काचेनं ते काम करू लागला. नागू पुन्हा तपासनिसाकडे गेला तर तिथं दुसराच साहेब बसला होता. त्यानं फोटो मागितले. फोटो कारखान्यात होते. भिवाजीनं निगेटिव्हवरून पुन्हा काढून दिले. ते घेऊन साहेब म्हणाला की ही माणसं तर आता कामावरच नाहीत, मग तक्रार कुणाची?

आनंदी रोज कामाला जात होती. पण पाणी प्यायला बाया बसत तिथं ती गेली की बोलणं थांबायचं. एवढ्यांमध्ये हिचाच फोटो कसा बिघडला? सख्खा भाऊ काढणारा, आणि सख्ख्या बहिणीचाच हात तेवढा दिसत नाही? चिंधीच्या सासूनं तर भर पाणवठ्यावर तिची कळशी बाजूला सारली. भावाला कंपनीनं घड्याळ दिलं, असंही कुणी म्हणालं. सबनीस दुकानात येऊन गेल्याचं कुणीतरी पाहिलं होतं.

तिनं काही दिवस सोसलं. मग एका सकाळी मोजे चढवून ती कामाला न लागता सबनिसांच्या खोलीत गेली. मोजे काढून तिनं दोन्ही हात त्यांच्या टेबलावर पालथे ठेवले.

"तो शेवटचा फोटो माजा हाय. मी हसले म्हनून हलला. त्यांना काडलंत, मला बी काडा."

सबनिसांनी तिच्याकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं नाही. "त्या फोटोत कुणाचाच हात नाही. पांढरा डाग आहे. जा, पाळी सुरू झालीय."

"माजाच हाय, साहेब."

"बाई, तुम्ही आमच्या चांगल्या कामगार आहात. सगळ्यांना माहीत आहे ते. जा."

तिनं ते कर्जतला भिवाजीच्या घरी येऊन त्याला सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "काम सोड," तो म्हणाला. "माज्याकडं ये पोरांना घेऊन." भिवाजीच्या बायकोनं चुलीपुढून मान वर केली नाही. ते आनंदीनंही पाहिलं आणि भिवाजीनंही. "बगू," आनंदी म्हणाली आणि पुढं तो विषय पुन्हा निघाला नाही.

पावसाळा गेला, भात कापून झालं. काढलेली माणसं जमेल तिथं लागली होती. नागू वीटभट्टीवर गेला. चिंधी नवऱ्याबरोबर पनवेलकडे निघून गेली. येसूबाई कशेळ्याच्या बाजाराला पालेभाजी घेऊन बसायची. तिथं भिवाजीला ती एकदा दिसली. त्याला पाहून तिनं टोपली आवरली नाही की हाक मारली नाही. मेथीची जुडी बांधत असलेले तिचे हात त्याला दिसले. भोकं भरून आली होती. जागोजागी नुसते पांढरे वण राहिले होते आणि तुळशीखालचा एक ठिपका त्या वणात कायमचा गेला होता. नागूचेही हात बरे झाले, असं त्यानं ऐकलं होतं. ज्यांना ज्यांना काढलं त्यांचे सगळ्यांचेच झाले. घरात खायला कमी आलं, पण हात बरे झाले.

आनंदीचे झाले नाहीत. थंडीत तिच्या नाकातून रक्त यायला लागलं. आधी खपल्या, मग रक्त, आणि श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची. पोरं त्याला हसायची. भिवाजीनं तिला बळंच कर्जतच्या एका डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण होते, नुकतेच गावात आलेले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, मान मागे घ्यायला लावली आणि विजेरीचा झोत एका नाकपुडीत धरला. दुसऱ्या नाकपुडीतून उजेड बाहेर आला.

डॉक्टरांनी झोत दुसऱ्या बाजूनंही धरून पाहिला.

"मधला पडदा गेलाय यांचा. आरपार भोक आहे," ते म्हणाले. "भुकटीचं काम आहे हे. असं मी फक्त पुस्तकात पाहिलं होतं. ताबडतोब सोडा तिथलं काम. गेलेलं परत येणार नाही, पण वाढायचं थांबेल." मग ते भिवाजीकडे वळले. त्यांना कुणीतरी त्याच्याबद्दल सांगितलं असावं. "तुम्ही जवळचे फोटो काढता म्हणे. याचा निघेल का? माझ्या सरांना मुंबईला पाठवीन. कुणीतरी दखल घेईलच."

भिवाजीच्या मनात तेवढ्यातच सगळं जुळलं होतं. आरशानं ऊन आत टाकायचं, दोन नाकपुड्यांमधून पलीकडचा उजेड घ्यायचा, चिमटी आखूड करायची.

आनंदीनं पदरानं नाक पुसलं. ती डॉक्टरांशी नाही, भावाशी बोलली.

"निगंल का रं?"

"निगंल."

"सोच्छ येल?"

"येल."

"मंग नको. सोच्छ आला की वळखत्यात, आन पोरांना घालू काय?" ती म्हणाली आणि खुर्चीवरून उठली. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी तिनं घडी करून कमरेला खोचली, चपला घातल्या. दुसऱ्या पाळीला पोचायचं तर तिला आता निघायला हवं होतं.